रस्त्याला बाबासाहेबांचं नाव मागायचंय, तर अर्जाआधी एवढी तयारी करू

जय भीम मंडळी. परवा झूमवर ठरलं की इथे अमेरिकेत आपल्या शहरातल्या एका रस्त्याला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून सिटी कौन्सिलकडे अर्ज करायचा, आणि तयारीचं कोण लिहून काढणार म्हटल्यावर सगळ्यांनी माझं नाव घेतलं, कारण याआधी ज्या शहरात राहायचे तिथे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचा रस्ता मागणाऱ्या कमिटीत मी दोन वर्षं होते. तिथला आमचा पहिला अर्ज पडला होता. का पडला ते आठवत आठवतच हे लिहितेय, त्यामुळे जरा लांबेल, पण सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचा आणि आपल्या वाट्याचं काम उचला.

सगळ्यात आधी आपल्याला नेमकं काय मागायचंय ते ठरवू. इथे दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात, एक म्हणजे जुनं नाव काढून नवं नाव देणं, आणि दुसरी म्हणजे जुनं नाव तसंच ठेवून त्याच खांबावर खाली मानाची दुसरी पाटी लावणं. आपल्याला हा फरक कुणी समजावून सांगायची गरज नाही, एक नामांतर आणि दुसरा नामविस्तार. मी नांदेडची आहे, आमच्या घरात हे शब्द जेवताना बोलले जायचे. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा ठराव झाला आणि प्रत्यक्ष नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला, मधल्या काळात वस्त्या जळाल्या, पोचीराम कांबळेंचा जीव गेला, नागपूरहून लाँग मार्च निघाला. माझे वडील अजूनही त्या दिवसाला नामांतर दिनच म्हणतात. म्हणून सांगते, "खालची पाटी पण चालेल" हे वाक्य आपल्यातल्या कुणीही परस्पर कुठल्या कौन्सिल मेंबरला बोलून बसू नका, आधी आपण सगळ्यांनी बसून ते ठरवू आणि ठरल्यावर सगळे तेच बोलू.

माझं स्वतःचं मत विचाराल तर आपण खालच्या पाटीपासून सुरुवात करावी. न्यूयॉर्कला क्वीन्समधल्या वुडसाइड भागात 61 वा स्ट्रीट आणि ब्रॉडवे जिथे मिळतात तिथे जून 2023 मध्ये 'डॉ. बी. आर. आंबेडकर वे' अशी पाटी लागली, ती अशीच लागलीय, जुनी नावं जागेवर आहेत, कुणाचा पत्ता बदललेला नाही. त्या कोपऱ्याजवळच गुरू रविदास मंदिर आहे, तिथली पंजाबी रविदासिया मंडळी कितीतरी वर्षं त्या भागात रुजलेली आहेत, म्हणजे नाव मागणारे लोक त्याच गल्लीतले होते. हे लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे. तिथली रीत अशी की स्थानिक कम्युनिटी बोर्ड शिफारस करतं, त्या भागाचा कौन्सिल मेंबर ते नाव पुढे नेतो आणि मग बऱ्याच नावांचं मिळून एकच बिल कौन्सिलमध्ये पास होतं. आपल्या शहराची रीत वेगळी असू शकते, म्हणून दुसरं काम लगेच करायचं ते म्हणजे आपल्या शहराचा रस्त्यांच्या नावांबद्दलचा नियम शोधून, प्रिंट काढून, पेन घेऊन वाचणं. व्यक्ती जाऊन किती वर्षं झालेली असावी लागतात, सह्या घरमालकांच्या लागतात की भाडेकरूंच्याही चालतात, किती टक्के लागतात, फी किती, पाट्यांचा खर्च शहर करतं की अर्ज करणारे, हे सगळं त्यातच असतं. वाचून झालं की सिटी क्लार्कच्या ऑफिसला ईमेल करून तेच प्रश्न लेखी विचारा, फोनवर मिळालेलं उत्तर नंतर दाखवता येत नाही. आमच्या कमिटीने मालकांच्या जागी भाडेकरूंच्या सह्या गोळा केल्या, चार महिने शनिवार-रविवार फिरून, आणि त्यातल्या अर्ध्याहून जास्त बाद झाल्या. ज्या आजीबाई काठी घेऊन आमच्याबरोबर फिरल्या होत्या त्यांना ते सांगताना मला रडू आलं होतं.

आता कॅन्सस सिटीचं ऐका, कारण आपल्या तयारीचा खरा धडा तिथे आहे. मिसुरीतलं एवढं मोठं शहर, काळ्या लोकांची मोठी वस्ती, तरी किंग यांच्या नावाचा रस्ता नव्हता. जानेवारी 2019 मध्ये कौन्सिलने 'द पासेओ' या दहा मैल लांबीच्या जुन्या बुलवार्डला त्यांचं नाव दिलं. पण नियमाप्रमाणे त्या रस्त्यावरच्या 75 टक्के मालकांची संमती घ्यायची असते ती अट कौन्सिलने बाजूला ठेवली, आणि तिथे राहणाऱ्या लोकांना वाटलं की आपल्याला कुणी विचारलंच नाही. 'सेव्ह द पासेओ' म्हणून गट उभा राहिला, मतदान घ्यायला 1,700 सह्या पुरत होत्या तर त्यांनी 2,857 जमवल्या, आणि 5 नोव्हेंबर 2019 ला जवळजवळ 70 टक्के मतांनी किंग यांचं नाव काढून पासेओ परत आलं. विरोधातले सगळे गोरे होते असं अजिबात नाही, पासेओ हा मुळात काळ्या वस्तीतून जाणारा रस्ता, कित्येक काळ्या कुटुंबांना ते जुनं नाव आपलं वाटत होतं. लागलेल्या पाट्या उतरवाव्या लागल्या, शेवटी 2021 मध्ये दुसऱ्या रस्त्यांचा एक पट्टा निवडून त्याला नाव दिलं गेलं. सॅन दिएगोलाही तसंच झालेलं, मार्केट स्ट्रीटला 1986 मध्ये किंग यांचं नाव मिळालं आणि 1987 च्या मतदानात गेलं. नाव मिळून परत जाणं हा न मिळण्यापेक्षा मोठा घाव आहे असं मला मनापासून वाटतं, आणि बाबासाहेबांच्या नावाचं तसं होऊ द्यायचं नसेल तर कौन्सिलच्या पायऱ्या चढायच्या आधी त्या रस्त्यावरच्या प्रत्येक घराच्या पायऱ्या चढून यायला पाहिजे.

म्हणून दारोदार जायची तयारी हे आपलं सगळ्यात मोठं काम. काउंटीच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या वेबसाइटवर प्रत्येक प्लॉटचा मालक दिसतो, त्यावरून एक्सेल शीट करा, घर नंबर, मालक, तिथे राहतात का भाड्याने दिलंय, कोण कधी भेटलं, काय म्हणाले. "काय म्हणाले" हा कॉलम मोठा ठेवा, त्यातूनच पुढचं सगळं कळतं. दोघादोघांनी जायचं, शक्यतो एक आपला आणि एक त्या रस्त्यावर राहणारा किंवा तिथल्या चर्चमधला कुणीतरी, शनिवारी साधारण अकरानंतर, आणि पहिल्या फेरीत सही मागायची नाही. खरंच नाही मागायची. नुसतं सांगायचं की आम्ही कोण, आमच्या मनात काय आहे, आणि तुम्हाला या रस्त्याचं नाव कशामुळे आवडतं. लोक बोलतात हो, विचारलं की बोलतात. स्पॅनिश बोलणारी घरं असतील तर पत्रक स्पॅनिशमध्येही छापू.

त्याच्याही आधी एक भेट राहिलीच सांगायची. आपल्या शहरात किंग यांच्या नावाचा रस्ता आहे का ते बघा. नसेल, आणि तिथली काळी मंडळी त्यासाठी वर्षानुवर्षं झटत असतील, तर आपण आधी त्यांच्याकडे जाऊन विचारायचं की तुमच्या कामात आम्ही काय करू. अमेरिकेत त्यांच्या नावाचे जवळपास हजार रस्ते आहेत, शिकागोने तर एप्रिल 1968 ला त्यांची हत्या झाली त्याच वर्षी साउथ पार्क वेला त्यांचं नाव दिलं, पण यातले बरेच भांडून मिळालेत. ऑस्टिनला 1975 मध्ये 19 व्या स्ट्रीटच्या नावावरून वाद चालला होता, काही लोकांचं म्हणणं की नाव फक्त हायवेच्या पूर्वेला, म्हणजे काळ्या वस्तीपुरतंच ठेवा. तिथल्या ह्यूस्टन-टिलॉटसन कॉलेजचे माजी अध्यक्ष जे. जे. सीब्रुक कौन्सिलपुढे उभे राहून सांगत होते की नाव अर्ध्यावर थांबवू नका, आणि बोलता बोलताच हार्ट अटॅकने कोसळले, गेले. नाव शेवटी पूर्ण रस्त्याला मिळालं. ज्यांनी या पाट्यांसाठी एवढं मोजलंय त्यांच्या शहरात आपण नाव मागतोय, याची जाण आपल्या प्रत्येक वाक्यात असू दे.

यावरूनच रस्ता कुठला निवडायचा ते. आपल्या विहाराजवळची पार्किंगमागची गल्ली सोपी आहे, विरोध होणार नाही, पण बाबासाहेबांचं नाव गावकुसाबाहेर ठेवायला आपण एवढं करतोय का? लोक राहतात, शाळा किंवा लायब्ररी आहे, दोन वस्त्यांना जोडतो असा रस्ता बघू. तीन पर्याय काढा आणि तिन्ही चालत फिरून या, गाडीतून नाही. प्रत्येकाचं आत्ताचं नाव कुणाचं आहे ते लायब्ररीत जाऊन शोधा, शिकागोला काळ्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांचं नाव आधी बाल्बो ड्राइव्ह या इटालियन वैमानिकाच्या नावाच्या रस्त्याला द्यायचं चाललं होतं, इटालियन-अमेरिकन लोकांनी विरोध केला, मग 2018 मध्ये काँग्रेस पार्कवेला दिलं. जुनं नाव कुणाच्या तरी आजोबांचं निघालं तर ते आपल्याला आधी कळलेलं बरं.

बाबासाहेबांची ओळख करून देणारं एक पान लागेल, एकच, दोन नाही. इथल्या वाचणाऱ्याला घटनेचे शिल्पकार एवढं म्हणून काही पोचत नाही, त्याला चवदार तळं सांगा. 20 मार्च 1927 ला महाडला हजारो माणसं सार्वजनिक तळ्यावर पाणी प्यायला गेली, हे वाचलं की ज्याला ग्रीन्सबरोच्या फक्त गोऱ्यांसाठीच्या लंच काउंटरवर 1 फेब्रुवारी 1960 ला बसलेले चार काळे विद्यार्थी माहीत आहेत त्याला पुढचं सांगावं लागत नाही. मग कोलंबिया युनिव्हर्सिटी, 1913 ते 1916, आणि 1952 मध्ये त्याच युनिव्हर्सिटीने दिलेली मानद डॉक्टरेट. 1946 मध्ये त्यांनी इथले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून इथले काळे लोक युनायटेड नेशन्सकडे जे निवेदन देत होते त्याची प्रत मागितली, ड्युबॉइसनी उत्तरही दिलं, हे जरूर घाला. आणि किंग 1959 मध्ये भारतात आले तेव्हा केरळातल्या एका शाळेत त्यांची ओळख अमेरिकेतले अस्पृश्य बांधव अशी करून दिली गेली, आधी त्यांना धक्का बसला आणि मग पटलं, ते त्यांनीच 1965 च्या प्रवचनात सांगितलंय. पानावर फोटो एकच, कोटातला. तारखा मी तपासून देते, बाकी कुणी व्हॉट्सअपवर आलेली वाक्यं बाबासाहेबांची म्हणून त्यात टाकू नका, एक चुकीचं वाक्य निघालं तर सगळं पान संशयात जातं. पाटीवरचं नाव पण आत्ताच ठरवा, पूर्ण भीमराव रामजी घेतलं तर पाटीवर अक्षरं बारीक होतात, वुडसाइडसारखं 'डॉ. बी. आर. आंबेडकर' मला योग्य वाटतं.

विरोध दोन प्रकारचा येईल. दुकानदारांचा पैशाचा असतो आणि तो खरा असतो, लायसन्स, चेकबुक, लेटरहेड, दुकानावरची पाटी, ऑनलाइन लिस्टिंग. खालची पाटी मागत असू तर पत्ता बदलत नाही हे पहिल्याच वाक्यात सांगा, आणि पूर्ण नामांतर मागायचं ठरलं तर जुनी-नवी दोन्ही नावं काही काळ बरोबर राहतील, 911 म्हणजे इमर्जन्सी सेवेला आणि पोस्टाला शहर आधी कळवेल, हे अर्जातच मागू. दुसरा विरोध आपल्याच देशातल्या काही लोकांकडून येईल, "जात इथे कशाला आणता" म्हणून. त्यांच्याशी ईमेलवर वाद घालत बसू नका, कुणी एकाने शांतपणे लेखी उत्तर द्यायचं, ते काम मला द्या हवं तर.

हिअरिंगच्या, म्हणजे कौन्सिलपुढच्या सुनावणीच्या दिवसासाठी, बोलणारे सहाच्या वर नकोत आणि पहिली बोलणारी व्यक्ती त्या रस्त्यावर राहणारी हवी, आपल्यातली नाही. दोन-तीन मिनिटंच मिळतात, घड्याळ लावून घरी तीनदा वाचा. सह्यांची मूळ कागदपत्रं एका फाइलमध्ये आणि फोटोकॉपी दुसऱ्या माणसाकडे. पोरांना आणा, त्यांच्यासाठी खायला आणा, आपला नंबर रात्री दहालाही येतो. आत घोषणा नकोत, बाहेर आल्यावर मनसोक्त.

पाटी लागली तर दोरी ओढायला त्या रस्त्यावरचं सगळ्यात जुनं कुटुंब, त्यांना आत्तापासूनच विचारून ठेवू. आणि शहराच्या साईन शॉपचा फोन नंबर आणि त्या खांबाचं नेमकं लोकेशन तिघांच्या फोनमध्ये सेव्ह असू दे, पाटी कुणी खराब केली किंवा वाकवली तर त्याच दिवशी फोटो काढून कळवायचं, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. एक्सेल शीट मी रविवारपर्यंत ग्रुपवर टाकते, पहिल्या रस्त्याची चालत फेरी पुढच्या शनिवारी सकाळी दहाला, लायब्ररीच्या दारापासून.