हरवलं कुणाला, तो रकाना आधी वाचा

आजवरचे थोर बॉक्सर कोण, हा अभ्यास मी एका वहीपासून सुरू केला. डावीकडे नाव, मधे विजय, उजवीकडे पराभव. ज्याचा उजवा रकाना कोरा, तो वर. ४९ लढतींत ४९ विजय म्हणून रॉकी मार्सियानो आणि ५० पैकी ५० म्हणून फ्लॉइड मेवेदर पहिल्या पानावर जाऊन बसले. एझर्ड चार्ल्स पंचवीस पराभवांमुळे शेवटच्या पानावर गेला. एकही अख्खी लढत नीट न बघता केलेला हा उद्योग, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

माझी चूक चार्ल्सनेच दाखवून दिली. त्याचे पराभव मोजताना एकदा नजर घसरून विजयांवर गेली. तिथे आर्ची मूर होता. थोडं खाली पुन्हा मूर. मग आणखी एकदा मूर. १९४६ ते १९४८ या काळात चार्ल्सने त्याला तीन वेळा हरवलं, आणि हा मूर पुढे लाइट हेवीवेटचा, म्हणजे सर्वांत जड हेवीवेटच्या खालच्या वजनगटाचा, दीर्घकाळ जेता राहिला. चार्ल्सला मात्र त्या गटाच्या जेतेपदासाठी लढण्याची संधी कधीच मिळाली नाही. तो वर सरकला आणि १९४९ मध्ये जर्सी जो वॉलकॉटला हरवून हेवीवेटचा किताब घेऊन गेला. त्याचे बहुतेक पराभव नंतरच्या, पाय जड झालेल्या वर्षांतले. उलट मार्सियानोने माजी हेवीवेट जेता जो लुईला बाद केलं तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता. मार्सियानोचा ठोसा खराच होता, यात वाद नाही. पण दोन रकान्यांची वही ही गोष्ट सांगत नाही.

तेव्हापासून मी नव्याने येणाऱ्याला एवढंच सांगतो: आकडा बघण्याआधी समोर कोण होतं, त्याचं वय काय, वजन काय, ते बघा.

वजनाचं प्रकरण पहिल्यांदा फारच रुक्ष वाटतं. आज संघटनेनुसार १७-१८ वजनगट आहेत आणि किताब देणाऱ्या चार मोठ्या संघटना. एका गटात एकाच वेळी चार जेते असू शकतात, त्यामुळे ‘विश्वविजेता’ हा शब्द ऐकला की मी आधी ‘कोणत्या संघटनेचा?’ असं विचारतो. जुन्या काळी मुख्य गट आठच होते. हे ध्यानात घेतलं की हेन्री आर्मस्ट्राँगचा पराक्रम समजतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये फेदरवेट, मे १९३८ मध्ये वेल्टरवेट, ऑगस्ट १९३८ मध्ये या दोहोंच्या मधला लाइटवेट. आठांपैकी तीन गटांचा जेता, तोही एकाच वेळी! मॅनी पॅक्वियाओने १९९८ ते २०१० या काळात आठ गटांत किताब मिळवले. फ्लायवेटची मर्यादा ५०.८ किलो आणि त्याच्या आठव्या किताबाच्या गटाची ६९.९ किलो, म्हणजे हा प्रवासही थक्क करणारा. पण त्यातले काही गट आर्मस्ट्राँगच्या काळात नसलेले, मधले होते. दोघांची तुलना करायची तर हे आधी सांगून मग करावी.

शुगर रे रॉबिन्सनवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि तुम्हीही घालवा. ‘पाउंड फॉर पाउंड’, म्हणजे वजनाचा फरक मनातून पुसून केलेली तुलना, हा शब्दप्रयोग त्याच्याच नावाशी जोडलेला आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये तो पहिल्यांदा हरला, तो त्याच्यापेक्षा बराच जड असलेल्या जेक लामोटाकडून. तीन आठवड्यांत पुन्हा त्याच्याशीच लढून जिंकला. दोघांच्या सहा लढतींपैकी पाच रॉबिन्सनच्या. पहिल्या पराभवानंतर तो ९१ लढती हरला नाही. ती मालिका जुलै १९५१ मध्ये लंडनला रँडी टर्पिनने तोडली, आणि दोन महिन्यांत रॉबिन्सनने त्याचाही हिशेब चुकता केला.

तरी मला त्याची सर्वांत शिकवणारी लढत वाटते ती हरलेलीच. जून १९५२, यँकी स्टेडियम, समोर लाइट हेवीवेटचा जेता जोई मॅक्सिम, वजनाने सुमारे सात किलो जास्त. उकाडा इतका की दहाव्या फेरीनंतर पंचच कोसळायच्या बेतात आले आणि दुसरे पंच आणावे लागले. (मराठीत पंच म्हणजे निर्णय देणाराही आणि ठोसाही, लिहिताना हा घोळ सांभाळा.) फेरीगणिक गुण देणाऱ्या तिघांच्याही गुणपत्रिकांवर रॉबिन्सन पुढे होता, पण चौदाव्या फेरीला तो उठू शकला नाही. कारकिर्दीत वेळेआधी लढत संपून तो हरला तो एवढ्या एकदाच. माझ्या जुन्या वहीत ही नोंद म्हणजे उजव्या रकान्यातली एक रेघ होती, बाकी काही नाही.

लढत बघायची ती आवाज बंद करून. समालोचक एका बाजूला झुकला की आपणही नकळत झुकतो. हातात कागद घ्या, फेरी जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला ९, खाली पडला तर साधारणपणे ८. सरावासाठी मार्च १९९० ची हुलिओ सेझर चावेझ विरुद्ध मेल्ड्रिक टेलर घ्या. तीनपैकी दोन गुणपत्रिकांवर टेलर स्पष्टपणे पुढे, शेवटच्या फेरीत तो पडला, उठला, आणि दोन सेकंद उरलेले असताना पंचांनी लढत थांबवून चावेझला जिंकवलं. गुण फक्त बेरजेत मोजू नका. कोण कुणाला झिजवत होतं, ते चेहऱ्यांवर दिसतं. मी ती तीनदा गुण देऊन पाहिली आणि तिन्ही वेळा माझी बेरीज वेगळी आली.

जुन्यांच्या बाबतीत पंचाईत होते ती चित्रफितींची. हॅरी ग्रेबने १९२२ मध्ये, पुढे हेवीवेटचा जेता झालेल्या जीन टनीला हरवलं, टनीच्या कारकिर्दीतला तो एकमेव पराभव. पण ग्रेबच्या लढतीचं एकही चित्रण आज उपलब्ध नाही. रॉबिन्सनच्या ऐन भरातल्या वेल्टरवेट काळाचंही फारच थोडं. अशा वेळी पुन्हा तोच रकाना कामी येतो: समोर कोण होतं?

हलक्या गटांकडे मी फार उशिरा वळलो. हेवीवेटचा धाक असा की ४७.६ किलोच्या गटात कुणी थोर असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. रिकार्डो लोपेझचं नाव वाचलं तेव्हा ५१ विजय, एक बरोबरी, पराभव शून्य, हे बघून हात आपसूक पहिल्या पानाकडे गेला. मग थांबलो आणि आधी त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची नावं उतरवायला घेतली. अजून ती पुरी झालेली नाहीत, म्हणून लोपेझ सध्या माझ्या वहीत पेन्सिलीनेच लिहिलेला आहे.