त्रिनिदादचा वसाहतकालीन इतिहास कसा अभ्यासावा

ठाण्यातील वाचकाने कॅरिबियनमधील त्रिनिदाद बेटाच्या इतिहासाकडे वळताना राज्यकर्त्यांच्या यादीला फार महत्त्व देऊ नये. 1737 मध्ये पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आणि 1774 मध्ये मराठ्यांकडून इंग्रजांकडे गेलेला, आज मध्यवर्ती कारागृह असलेला किल्ला आपल्या शहरातच असल्यामुळे ‘कोणी कोणाकडून घेतले’ हा प्रश्न आपल्याला आधी सुचतो. त्रिनिदादपुरता ‘मळ्यात कोण राबत होते’ हा प्रश्न अधिक कामाचा आहे.

एका कागदावर दोन रकाने आखावेत. डावीकडे राजवटी लिहाव्यात: 1498 मध्ये कोलंबसचे आगमन, त्यानंतर स्पेनचा अंमल, 1797 मध्ये ब्रिटिशांचा ताबा, 1802 च्या आमियांच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब आणि 1962 मध्ये स्वातंत्र्य. हे काम अर्ध्या तासाचे आहे. त्याहून जास्त वेळ त्यावर घालवू नये.

उजवीकडे श्रमाचा इतिहास लिहावा आणि त्यात 1783 हे वर्ष ठळक करावे. त्या वर्षी स्पेनच्या राजाने कॅथलिक वसाहतकारांसाठी फर्मान काढले, ज्यानुसार गोऱ्या कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीमागे ठरावीक जमीन आणि सोबत आणलेल्या प्रत्येक गुलामामागे तिच्या निम्मी जमीन मिळू लागली. मुक्त कृष्णवर्णीयांना मात्र गोऱ्यांच्या निम्माच वाटा होता. जितके गुलाम आणावेत तितकी जमीन वाढे. त्यामुळे शेजारच्या बेटांवरून फ्रेंच मळेवाले आले, उसाची लागवड पसरली आणि 1797 पर्यंत गुलामांची संख्या सुमारे 10 हजारांवर गेली. एवढी उलथापालथ झाली, तरी डाव्या रकान्यात 1783 समोर लिहिण्यासारखे काहीच नाही, कारण ध्वज स्पेनचाच राहिला.

पुढे 1834 मध्ये लागू झालेला गुलामगिरीबंदीचा कायदा आणि 1838 मध्ये संपलेली सक्तीची ‘उमेदवारी’, म्हणजे मुक्ततेनंतरही जुन्या मालकाकडेच राबण्याची सक्ती, नोंदवावी. ब्रिटिश सरकारने साम्राज्यभरातील गुलाममालकांना 2 कोटी पौंड भरपाई दिली. मुक्त झालेल्यांना काहीही मिळाले नाही. भरपाई घेणाऱ्या मालकांची नावे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या खुल्या माहितीसंग्रहात शोधता येतात.

30 मे 1845 रोजी ‘फतेल रझाक’ जहाज कलकत्त्याहून दोनशेहून अधिक भारतीय मजुरांना घेऊन पोहोचले. 1917 पर्यंत चाललेल्या या करारबद्ध मजुरीच्या नोंदी वाचताना मराठी आडनावांचा शोध घेतल्यास बहुधा निराशा पदरी पडेल, कारण बहुतेक माणसे आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधील होती. वडिलांचे नाव, जात, गाव, उंची, अंगावरील खुणा असा तपशील त्यांत सापडतो. मात्र नावाचे लेखन कारकुनाच्या कानावर अवलंबून असल्याने एकच नाव निरनिराळ्या स्पेलिंगांनी शोधून पाहावे.

शेजारच्या टोबॅगो बेटासाठी स्वतंत्र कागद घ्यावा. ते बेट डच, फ्रेंच आणि इंग्रज यांच्यात अनेकदा हस्तांतरित झाले आणि तेथील साखरधंदा ढासळल्यानंतर, 1889 मध्ये, त्रिनिदादला जोडले गेले.