परदेशी मदतकार्यात पहिली नोकरी शोधताना

परदेशातल्या मदतकार्यासाठी केलेले बरेच अर्ज ‘अनुभव हवा’ या अटीपाशीच अडकतात.

संयुक्त राष्ट्रांच्या ‘रिलीफवेब’ या संकेतस्थळावर नोकऱ्यांच्या यादीत अनुभवाचा फिल्टर ‘० ते २ वर्षे’ असा लावा. २० जाहिराती नीट वाचा आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या अटी वहीत टिपून ठेवा. लॉजिस्टिक्स, हिशेब, पाणीपुरवठा, नर्सिंग अशी हातातली कामं विचारली जातात, नुसत्या तळमळीवर निवड होत नाही. त्यातलं एक काम पक्कं धरून वर्षभर इथल्याच एखाद्या संस्थेत करा. ‘बीसेफ’ हा संयुक्त राष्ट्रांचा मोफत सुरक्षा अभ्यासक्रमही उरकून घ्या. फ्रेंच किंवा अरबी येत असेल तर अर्जात ते वरच लिहा.

भरतीसाठी कोणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. संयुक्त राष्ट्रे कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाहीत.