१६०च्या पाइपचा सायक्लोन: भुसा ड्रममध्ये, फिल्टर स्वच्छ

गणपतीच्या आधीचे दोन महिने आमच्या कळव्याच्या गाळ्यात मखरांचं काम असतं, म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत एमडीएफवर (लाकडाचा चुरा चिकटाने दाबून केलेली फळी) जिगसॉ आणि राउटर (कडा आणि खाचा कोरायचं मशीन), आणि एमडीएफचा भुसा हा भुसा नसतोच, मैदा असतो. सागाचा भुसा निदान खाली पडतो, हा हवेतच राहतो. मग घेतला २० लिटरचा वेट अँड ड्राय व्हॅक्यूम. पहिला दिवस मस्त. तिसऱ्या दिवशी फिल्टर चोंदला, ओढ गेली, आणि मग दर तासाला फिल्टर काढून बाहेर आपटायचा, आपटलेली धूळ परत आपल्याच नाकात, वर शेजारच्या गाळ्यातले काका येऊन गाडीच्या काचेवर बोट फिरवून दाखवणार, "हे बघ." काही बोलायची सोयच नाही, काकांचं बरोबर होतं.

यावर उपाय म्हणजे व्हॅक्यूम आणि मशीनच्या मध्ये सायक्लोन लावायचा, म्हणजे हवा गोल फिरवून भुसा आधीच वेगळा पाडणारं नरसाळं. तयार प्लास्टिकचे ऑनलाइन मिळतात, घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, वाईट नाहीत. पण प्लंबरकडे १६० एमएमच्या एसडब्ल्यूआर (सांडपाण्याच्या पीव्हीसी) पाइपचा तुकडा पडलेला असेल आणि पत्र्याची कातर चालवता येत असेल तर दोन सुट्ट्यांत घरी होतो. मी दोन बनवले. पहिला फसला, आणि तो का फसला हेच खरं सांगायचंय, बाकी मापं तर कुणीही देईल.

आधी आत काय होतं ते. पावसात छत्री गरगर फिरवली की थेंब कसे बाहेर उडतात, तसंच. भुसा घेऊन आलेली हवा गोल पाइपात कडेने शिरते, गोल फिरते, भुसा जड म्हणून भिंतीकडे फेकला जातो आणि भिंतीला घासत घासत खाली नरसाळ्यात उतरतो. हवा खाली अरुंद जागेत गेली की वळते आणि मधून वर येते, वरच्या मधल्या पाइपातून व्हॅक्यूमकडे जाते. भुसा ड्रममध्ये, हवा व्हॅक्यूममध्ये. आत एकही हलणारा भाग नाही. मोठ्या भात गिरणीच्या मागे पत्र्याचं अवाढव्य नरसाळं उभं असतं ना, तेच हे, फक्त पिटुकलं. आणि उजवीकडून फिरवायचं की डावीकडून, यावर लोक पृथ्वीच्या फिरण्यापर्यंत वाद घालतात. काही फरक पडत नाही, होज ज्या बाजूने येणार त्या बाजूने फिरवा.

मापं मी मनाची घेतलेली नाहीत. स्टेअरमंड म्हणून एकाने १९५१ साली सायक्लोनची प्रमाणं ठरवून दिली, ती अजून वापरतात. पाइपाचा व्यास धरा एक, तर सरळ भाग दीडपट, एकूण उंची चौपट, वरचा बाहेर जाणारा पाइप निम्मा, खालचं तोंड पाऊण निम्म्याचं म्हणजे ०.३७५. आपला व्यास १६० एमएम, म्हणजे सरळ भाग २४०, नरसाळं ४००, खालचं तोंड ६०, वरचा पाइप ८० पाहिजे पण ७५चा बाजारात मिळतो, तोच लावा, काही बिघडत नाही. आत येणाऱ्या वाटेचं माप मात्र मी त्याच्या हिशोबाने घेतलं नाही. त्याच्या हिशोबाने ८० बाय ३२ येतं, ते मोठ्या ब्लोअरला ठीक, आपला मामला ३६ एमएमच्या होजवर चालणाऱ्या व्हॅक्यूमचा, एवढ्या मोठ्या वाटेत हवेचा वेग पडतो आणि वेग पडला की फेकण्याची ताकद गेली. मी ६६ बाय २५ ठेवलं.

पाइप २६० कापा, वरच्या झाकणात आणि खालच्या जोडात थोडा जातो.

नरसाळ्यासाठी २६ गेजचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा. कोपऱ्यात खिळा ठोका, लाकडी पट्टीला भोकं पाडून कंपास करा, एक कंस ६४५ एमएमचा आणि त्याच खिळ्यावरून दुसरा २४२चा, मधला कोन ४५ अंश. हिशोबाने ४४.७ येतो, पण ४५ घेतला की वरचं तोंड पाइपावर सरकून बसायला केसभर मोठं होतं, तेच हवंय. एका कडेला १५ एमएम जास्त ठेवा जोडासाठी, वरच्या कंसाला १५ जास्त पाइपावर चढायला, खालच्यालाही १५ जास्त, ते नंतर पाकळ्या कापून ड्रमच्या झाकणाखाली दुमडायचेत. आधी पुठ्ठ्यावर करून गुंडाळून बघा, प्लीज. मी थेट पत्र्यावर गेलो आणि हातात आली भलत्याच मापाची टोपी. कातर हाताला जड जात असेल तर कोठ्या आणि डबे बनवणाऱ्या पत्रेवाल्याला तोच पुठ्ठा दिलात तरी तो चहा संपायच्या आत वळवून देतो, आणि त्याचा जोड आपल्यापेक्षा दसपट चांगला असतो.

पॉप रिवेट मारताना दोन गोष्टी बघा. पत्र्यावर पत्रा चढतो तिथे आतली कड फिरणाऱ्या हवेच्या तोंडावर येऊ नये, हवा त्या कडेवरून घसरून पुढे जावी, कौलांवरून पाणी जातं तशी. उलटी आली तर भुसा तिथे आपटून उसळतो. दुसरं, नरसाळं पाइपाच्या बाहेरून चढवा, आतून नको. आतून बसवलं की पत्र्याची कड आत छोट्या कठड्यासारखी राहते आणि भुशाची एक रिंग त्यावर गोल गोल फिरत बसते, खाली जातच नाही. बघायला मजा येते, कामाची नाही.

आत येणारी वाट हा किचकट भाग. ६३ एमएमचा पीव्हीसी पाइप साधारण २०० लांब, त्याचं एक टोक हीट गनने मऊ करायचं आणि ६६ बाय २५चा लाकडी ठोकळा आत ढकलायचा, थंड झालं की गोल पाइपाचं चौकोनी तोंड तयार. हे बाहेर मोकळ्यावर करा आणि पाइप काळा पडू देऊ नका, पीव्हीसी जळलं की जो धूर निघतो त्यात ॲसिड असतं, घशाला लागतो. मग मोठ्या पाइपात वरून अगदी कडेला खिडकी कापायची, साधारण ७१ उंच आणि गोलाईवर ६५ रुंद, आणि चौकोनी तोंड असं बसवायचं की त्याची बाहेरची भिंत मोठ्या पाइपाच्या भिंतीला सरळ मिळते. मधोमध बसवलं तर हवा समोर आपटते आणि सगळा खेळ संपतो. आत काहीही डोकावू देऊ नका, जादा भाग आतून गोलाईत कापा, एमसील (भेगा बुजवायची पुट्टी) बाहेरून भरा, आतून ओल्या बोटाने गुळगुळीत करा.

वरचं झाकण १८च्या प्लायचं, राउटरने खाच मारून पाइपात बसेल असं, मध्ये ७६च्या होल सॉने भोक आणि त्यातून ७५चा पाइप ९० एमएम खाली सोडायचा. ९० का, तर आत येणारी वाट ७१ एमएमवर संपते, मधला पाइप त्याच्या खाली गेलाच पाहिजे, नाहीतर आलेला भुसा शॉर्टकट मारून थेट व्हॅक्यूमकडे. आणि पाइपाच्या भिंतीपासून या मधल्या पाइपापर्यंत साधारण ३८ एमएमची फट राहते, वाट आहे २५ची, म्हणजे येणारी हवा त्याला न आपटता बाजूने निघते. वाट ८० बाय ३२ची केली असती तर इथे अगदी टेकायला आली असती.

आता ड्रम, इथे मी दोनदा आपटलो.

पहिल्यांदा रंगाची २० लिटरची बादली घेतली. होजच्या तोंडावर प्लायचा तुकडा चिकटला, एक सेकंद, आणि फट्ट, बादली कुणीतरी लाथ मारल्यासारखी आत. नंतर हिशोब केला. माझ्या व्हॅक्यूमवर १६ किलोपास्कल लिहिलंय, झाकण ३० सेंटीमीटरचं, म्हणजे होज पूर्ण बंद झाला की नुसत्या झाकणावर ११५ किलोच्या आसपास दाब. एक धडधाकट माणूस वर उभा, आणि बाजूच्या भिंतींवर वेगळा. बादली बिचारी काय करणार. त्यामुळे निळा जाड एचडीपीई (कडक प्लास्टिकचा) ड्रम घ्या, ३५ किंवा ५० लिटरचा, लोखंडी रिंग लॉकवाला. तुर्भे, रबाळेकडे टीटीसी एमआयडीसीतल्या केमिकलच्या कंपन्यांमुळे भंगारवाल्यांकडे असे ड्रम असतात, पण आधी त्यात काय होतं ते विचारा, लेबल वाचा, लेबल खरवडलेलं असेल तर सोडून द्या. झाकणाला आतून १२च्या प्लायची चकती बोल्ट करा, नरसाळ्याचं वजनही तीच पेलते.

दुसरी आपटी जास्त महाग पडली. ड्रम आला, सगळं जोडलं, चालू केलं, आणि निम्मा भुसा सरळ व्हॅक्यूममध्ये. मी म्हटलं नरसाळं चुकलं. नवीन केलं. तरी तेच. मधला पाइप खालीवर केला, तरी तेच. दोन रविवार गेले. मग मामा आले, आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस, सायक्लोन वगैरे कधी पाहिलेला नाही, त्यांनी ड्रमच्या झाकणाच्या कडेला ओला हात धरला आणि म्हणाले, "अरे, इथून वारा आत जातोय, तू नरसाळं काय बदलत बसलायस?"

आणि तेच होतं. झाकणाखालचं रबर जुनं, कडक झालेलं. ड्रममध्ये हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी असतो, त्यामुळे खाली कुठेही टाचणीएवढं भोक असलं की बाहेरची हवा तिथून आत घुसते, आणि तिला बाहेर जायला वाट एकच, नरसाळ्याच्या तोंडातून वर. ती वर जाताना खाली पडलेला बारीक भुसा उचलून सोबत घेऊन जाते. वरच्या जोडातून गळती असेल तर फक्त ओढ कमी होते, खालून असेल तर सायक्लोन उलटा चालतो. नरसाळं दहा एमएम चुकलं तरी चालेल, ड्रम गळला तर नाही चालणार.

म्हणून झाकणाला नवीन रबर बीडिंग, पत्र्याच्या पाकळ्या दुमडल्या तिथे वरून खालून सिलिकॉन, प्रत्येक रिवेटच्या डोक्यावर सिलिकॉनचा ठिपका, पत्र्याच्या उभ्या जोडावर आख्खी लाइन. एक रात्र सुकू द्या. मग भुसा घालायच्या आधी, ड्रम रिकामा स्वच्छ असताना, पंखा बंद करून व्हॅक्यूम चालू करा आणि उदबत्ती जोडांच्या कडेने फिरवा. धूर जिथे आत खेचला जाईल तिथे गळती. उदबत्ती होजच्या तोंडाजवळ अजिबात नको आणि एकदा भुसा शिरला की ही टेस्ट विसरा, मग ओला हात.

होज जोडताना घट्ट क्लिप लावा, आणि सायक्लोनपासून मशीनपर्यंत होज जेवढा लहान तेवढा चांगला. प्लास्टिकच्या होजमधून कोरडा भुसा गेला की स्टॅटिक तयार होतो, डिसेंबर-जानेवारीत चांगला चटका बसतो. उघडी तांब्याची तार होजला आणि पाइपाला बाहेरून गुंडाळून, पत्र्याच्या नरसाळ्याला बोल्टने जोडून अर्थिंगला न्या. व्हॅक्यूम आणि टेबल सॉ एका सहा अँपिअरच्या पॉइंटवर लावू नका, सहा अँपिअर म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॉट, माझा व्हॅक्यूम एकटाच १४००चा आहे. १६चे दोन वेगळे पॉइंट घ्या.

हा जुगाड छोट्या मशीनसाठी आहे, राउटर, सँडर, जिगसॉ. टेबल सॉच्या चार इंची तोंडाला किंवा प्लेनरला व्हॅक्यूम पुरतच नाही, तिथे हवेचं प्रमाण जास्त लागतं, वेगळा डस्ट कलेक्टर लागतो. प्लेनरच्या लांब ढलप्या तर ६०च्या तोंडात अडकून बोळा होतो, मग काठी घालून उपसत बसा. आणि एकदम बारीक धूळ, जी डोळ्यांना दिसत नाही, ती सायक्लोन पूर्ण पकडत नाही, ती फिल्टरवरच जाते. म्हणून व्हॅक्यूमला हेपा (अगदी बारीक धूळ अडवणारा) फिल्टर बसत असेल तर तोच लावा आणि सँडिंगला मास्क काढू नका. लाकडाच्या धुळीला डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने पहिल्या गटात टाकलंय, १९९५पासून, मुख्यतः नाकाच्या कॅन्सरमुळे, आणि एमडीएफच्या चिकटातलं फॉर्मल्डिहाइडही त्याच गटात आहे. मामा अजून तोंडाला नुसता रुमाल बांधतात, ऐकत नाहीत.

पावसाळ्यात एक वेगळीच भानगड, इथली हवा इतकी ओली असते की भुसा नरसाळ्याच्या आत थर धरतो. आठवड्यातून एकदा बाहेरून रबरी हातोडीने हलके टोले द्या, खाली पडतो. सिलिकॉन लावायच्या आधी मी आतून पत्र्याला मेणाचा हात मारला होता, त्यानेही बराच फरक पडला.

ड्रम दोन तृतीयांशाच्या वर भरू देऊ नका, भुसा नरसाळ्याच्या तोंडापर्यंत आला की पुढचा सगळा माल फिल्टरवर आणि कळतसुद्धा नाही, आवाज तोच राहतो. मी ड्रमच्या बाजूला पट्टीएवढी खाच कापून ॲक्रिलिक चिकटवलंय, अर्थात चारही बाजूंनी सिलिकॉन. सागाचा वगैरे भुसा कुणी मागितला तर देतो, एमडीएफचा कुंड्यांत घालायला कुणालाही देत नाही, बरेच जण मागतात. गेल्या सीझनला ५०चा ड्रम चार वेळा रिकामा केला तेव्हा व्हॅक्यूमच्या टाकीत दोन-तीन मुठी पीठ निघालं. फिल्टर एकदाच झटकला, तोही काकांची गाडी नसताना.