मँगनीजची पाटी मांडण्याआधी

विज्ञान प्रदर्शनात सोडियमच्या पाट्या, म्हणजे अणूतले इलेक्ट्रॉन वर्तुळांवर टाचण्यांनी दाखवणाऱ्या, भरपूर येतात. रामटेकजवळ मनसरला मँगनीजच्या खाणी असताना नागपूरच्या मुलांनी मँगनीजच मांडावं. अणुअंक २५, आणि संरूपणातली, म्हणजे कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन या वाटपातली, खरी मेख तिथेच आहे.

बाजारात जाण्याआधी वही उघडा. पहिल्या वीस मूलद्रव्यांचं इलेक्ट्रॉन संरूपण न बघता लिहा आणि प्रत्येकाची बेरीज अणुअंकाशी ताडून पाहा. क्लोरीनचे ३५ धरून वाटप केलं असेल तर तो अणुवस्तुमानांक, प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची बेरीज. वाटायचे १७, म्हणजे २, ८, ७. यानंतर घसरण होते ती पोटॅशियमवर. कवचाच्या क्रमांकाच्या वर्गाची दुप्पट केली की एम म्हणजे तिसऱ्या कवचाला १८ येतात, म्हणून मुलं बेधडक २, ८, ९ लिहितात. पण ते सूत्र जास्तीत जास्त किती मावतील एवढंच सांगतं, भरण्याचा क्रम नाही. चौथ्या कवचातली सगळ्यात खालची पातळी तिसऱ्यातल्या शेवटच्या दहा जागांआधी भरते. म्हणून पोटॅशियम २, ८, ८, १ आणि कॅल्शियम २, ८, ८, २. स्कँडियमपासून भरती पुन्हा एममध्ये सुरू होते: २, ८, ९, २. मँगनीजपर्यंत येता येता २, ८, १३, २. शेजारचं क्रोमियम मात्र २, ८, १३, १ आहे. विचारलं तर अडखळू नका.

आता सामान. ३५ सेंटीमीटर चौरसाचे दोन जाड पुठ्ठे फेविकॉलने चिकटवून रात्रभर पुस्तकांखाली दाबा, एकेरी पुठ्ठ्यात टाचणी डुलते. वर्तुळांना दोरा नको, ताणला की त्रिज्या बदलते. पुठ्ठ्याच्या पट्टीला ५, ८, ११ आणि १४ सेंटीमीटरवर भोकं पाडून पेन्सिल फिरवा. गोल डोक्याच्या टाचण्या २५, एका इलेक्ट्रॉनला एक, वर तीन जादा, सगळ्या एकाच रंगाच्या. इतवारीच्या बाजारात रंगांचा मोह होईल, पण संयुजा (सगळ्यात बाहेरच्या कवचातला) इलेक्ट्रॉन इतरांपेक्षा वेगळा नसतो, त्याची जागा तेवढी वेगळी. एमच्या वर्तुळावर तेरा टाचण्या साधारण सव्वापाच सेंटीमीटरच्या अंतराने बसतात. कोनमापकाने २८ अंश धरलेत तर शेवटची फट किंचित लहान येईल, चालतं. मध्यभागी चिठ्ठी: २५ प्रोटॉन, ३० न्यूट्रॉन.

खाली एक ओळ हवीच: ही वर्तुळं ऊर्जेच्या पातळ्या दाखवतात, इलेक्ट्रॉनचा रस्ता नव्हे. केंद्रकाचं मापही खरं नाही. नागपूरच्या झिरो माइलच्या खांबाशी एक सेंटीमीटरचा मणी केंद्रक म्हणून ठेवला, तर मँगनीजच्या अणूचा व्यास काहीशे मीटर होईल.

मँगनीजचा दोन धनप्रभाराचा आयन, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला अणू, दाखवायची तालीम करून ठेवा. शेवटी भरला तो आधी काढायचा, या हिशेबाने एमवर हात जातो आणि चुकतो. आधी एन म्हणजे चौथ्या कवचातल्या दोन्ही टाचण्या काढायच्या. उरतात २, ८, १३, म्हणजे २३. मधली चिठ्ठी २५ प्रोटॉनचीच राहील. काढलेल्या टाचण्या काडेपेटीत टाका, टेबलावर पडल्या की पुढच्या वेळी मोजणी बिनसते.