संगणक शिकवताय? आधी ही पुस्तकं वाचा

नव्याने संगणक शिकवायला लागला असाल तर सुरुवात 'कॉम्प्युटर सायन्स अनप्लग्ड'पासून करा. टिम बेल आणि सहकाऱ्यांचं, संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवणारं हे पुस्तक नेटवर मोफत मिळतं. त्यातला ठिपक्यांच्या पत्त्यांचा धडा मी राजारामपुरीतल्या वर्गात लाइट गेलेली असताना घेतला. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर १६, ८, ४, २, १ असे ठिपके काढले आणि पाच मुलं रांगेत उभी केली. "तेरा करा!" म्हटल्यावर ८, ४ आणि १ चे पत्ते वर आले. वरचा पत्ता १, खालचा ०: ०११०१. त्या वर्गाला बायनरी, म्हणजे फक्त ० आणि १ ने आकडे लिहिण्याची पद्धत, पुन्हा समजवावी लागली नाही.

मग सिमूर पॅपर्ट यांचं १९८० चं 'माइंडस्टॉर्म्स'. लोगो या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेतल्या, सूचना देऊ तसं चालत रेघा काढणाऱ्या कासवाचा भाग आधी वाचा आणि मुलांना घेऊन मैदानात जा. समभुज त्रिकोण चालताना कोपरा ६० अंशांचा म्हणून मुलं ६० अंश वळतात आणि भलतीकडेच पोचतात. चूक सांगू नका, चालू द्या. १२० अंश त्यांच्या पायांनाच सापडतात. तो क्षण बघण्यासारखा असतो!

मुख्याध्यापकांनी स्मार्ट बोर्ड घेण्याआधी लॅरी क्यूबन यांचं 'ओव्हरसोल्ड अँड अंडरयूज्ड' (२००१) वाचावं; शाळांत संगणक आले तरी वर्गात फारसे वापरले गेले नाहीत, हे त्यात आहे.

इंग्रजी जड जात असेल तर जोडीने वाचा. आम्ही दोघी शनिवारी शाळा सुटली की मिसळ खाऊन दहा-दहा पानं वाचतो.