जीआर शेवटून वाचायचा: सरकारी योजना घरबसल्या कशी तपासायची

मार्च 2023, कांद्याचे भाव मातीमोल, लासलगावला ट्रॅक्टर नेला तर भाडं सुटत नव्हतं, आणि नेमकं मुंबईत अधिवेशन चालू. सरकारने क्विंटलला आधी 300 आणि मग 350 रुपये अनुदान जाहीर केलं. निफाडच्या आमच्या काकांनी त्याच संध्याकाळी वहीत गुणाकार करून टाकला, विकलेले क्विंटल गुणिले 350. पुढे जीआर, म्हणजे शासन निर्णय, आला तेव्हा मी नाशकात बसून मोबाईलवर उघडला आणि फोन केला की काका थांबा, यात 200 क्विंटलची मर्यादा आहे, म्हणजे कितीही विकला असला तरी जास्तीत जास्त 70 हजार. काका चिडले, जसा काय जीआर मीच काढलाय.

तेव्हापासून घरातलं, सोसायटीतलं कोणालाही योजनेचं फॉरवर्ड आलं की ते आधी माझ्याकडे येतं. मी काही मंत्रालयात नाही, पण वाचून वाचून एक पद्धत बसलीये ती सांगतो.

आधी कागद खरा आहे का बघा. महाराष्ट्र शासनाच्या साइटवर शासन निर्णयांचा विभाग आहे, तिथे खातं निवडून, तारीख टाकून फुकटात पीडीएफ मिळते. प्रत्येक जीआरच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक असतो, त्याचे सुरुवातीचे आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो साइटवर टाकून काहीच येत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरची ती पीडीएफ सरळ डिलीट मारा.

आता मुख्य गोष्ट, जीआर वरून खाली वाचायचा नाही, खालून वर वाचायचा. वरती प्रस्तावना असते, तिथे सगळं गोड गोड असतं. खाली तीन गोष्टी शोधायच्या. एक, "वित्त विभागाच्या सहमतीने" असं काही लिहिलंय का. दोन, खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे बजेटमधल्या कुठल्या खात्यावर, टाकायचा ते दिलंय का. तीन, सही कुठल्या खात्याची आणि प्रत कोणाकोणाला. पैशाची योजना आहे आणि लेखाशीर्षच नाही तर ती अजून इच्छा आहे असं समजायचं. (मेट्रो निओ, ती टायरवर धावणारी मेट्रो, आठवतंय ना? 2021 च्या केंद्रीय बजेटच्या भाषणात नाशिकसाठी 2092 कोटी, टाळ्या, पेढे, आणि निओची एक गाडी अजून रस्त्यावर धावलेली नाही. भाषणात आकडा येणं वेगळं आणि मंजुरी मिळून पैसा सुटणं वेगळं.)

प्रतींची यादी लोक बघतच नाहीत, पण काम कोण करणार हे तिथेच कळतं. कांदा अनुदान सहकार आणि पणन खात्याचं होतं, त्यामुळे अर्ज बाजार समितीत, पुढे जिल्हा उपनिबंधक, पुढे पणन संचालक. आमच्याकडे अर्धा गाव कृषी सहायकाच्या मागे फिरत होता, त्या बिचाऱ्याचा काडीचा संबंध नव्हता.

मग अटी. अटी कुठून येतात हे समजलं की त्यांचा राग कमी येतो, किंवा निदान योग्य माणसावर येतो. फाइल खालून वर जाते, कक्ष अधिकारी टिपणी मांडतो, अवर सचिव, उपसचिव, सचिव, मग मंत्री, आणि पैसा असेल तर मधे वित्त विभाग. वित्तवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, जास्तीत जास्त किती खर्च येईल? त्याचं उत्तर द्यायला खात्याला कुठेतरी कुंपण घालावंच लागतं. म्हणून तारखांची चौकट येते (इथे 1 फेब्रुवारी ते 31 मार्च 2023), माणशी मर्यादा येते, आणि कागद लागतात. हे कुंपण कुठे घातलं तीच खरी पॉलिसी, 350 हा आकडा नुसता बोर्ड आहे.

आणि कुंपणात कोण अडकतं ते बघायचं. या योजनेत सातबाऱ्यावर कांद्याची नोंद लागत होती, ई-पीक पाहणीची, म्हणजे शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून केलेली पिकाची नोंद. ती अ‍ॅपवरची पाहणी राज्यात सुरू झाली 2021 ला, अर्ध्यांनी कधी केलीच नव्हती, कोणाचा मोबाईल साधा तर कोणाच्या शेतात रेंज नाही. म्हणजे कांदा खरा, विक्री खरी, पट्टी (विक्रीची पावती) खरी, आणि तरी माणूस बाहेर. ओरड झाल्यावर तलाठी वगैरेंच्या समितीकडून पडताळणी करायची पळवाट निघाली. आमच्या काकांचं अजून वेगळंच, सातबारा आजोबांच्या नावावर, विक्रीची पट्टी काकांच्या नावावर, मग शपथपत्र करा, स्टॅम्प आणा, झेरॉक्स काढा. म्हणून कुठलीही योजना हातात आली की मी एक खेळ करतो, ओळखीतली पाच माणसं डोळ्यासमोर आणायची, एक दुसऱ्याची जमीन वाट्याने करणारा, एक विधवा बाई जिच्या नावावर अजून जमीन झाली नाही, एक मोठा बागायतदार, एक व्यापारी, एक आपल्यासारखा शहरात राहणारा, आणि प्रत्येकाला एकेक अट लावून बघायची. वाट्याने करणारा जवळजवळ प्रत्येक योजनेत पहिल्याच अटीला गळतो, कारण त्याच्याकडे कागदच नसतो.

खर्चाचा अंदाज घरीही काढता येतो बरं का. पणन मंडळाच्या साइटवर बाजार समितीनिहाय रोजची आवक असते. त्या दोन महिन्यांची आवक गुणिले 350, त्यातून मर्यादेवरचा आणि कागद नसलेला माल अंदाजे वजा करायचा. उत्तर तंतोतंत येणार नाही पण ठेवलेला पैसा पुरणार का हे कळतं. आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी घोषणा झाली असेल तर पैसा पुढच्या पुरवणी मागण्यांमधून (बजेटनंतर सभागृहाकडून मागून घेतलेला जादा पैसा) येतो, पावसाळी अधिवेशन किंवा नागपूरचं हिवाळी, म्हणजे उशीर होणार हे आधीच ओळखायचं. कांद्याचे पैसे टप्प्याटप्प्यानेच आले.

आता थोडं अवघड. योजनेचा किंवा निर्णयाचा परिणाम झाला का, हे कसं तपासायचं? इथे सगळेच घसरतात, चॅनेलवालेही. उदाहरण केंद्राचंच घ्या. ऑगस्ट 2023 ला कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याच्याखाली बाहेर विकता येत नाही), आणि 8 डिसेंबरपासून थेट निर्यातबंदी, जी उठली मे 2024 ला. बंदीनंतर भाव पडले हे सगळ्यांनी बघितलं. पण डिसेंबरात नवीन लाल कांद्याची आवक तशीही वाढत असते आणि भाव तसेही नरमतात, म्हणजे नोव्हेंबरचा भाव आणि जानेवारीचा भाव शेजारी ठेवून "बघा एवढं नुकसान बंदीने झालं" म्हणणं चूक आहे. उलट "आवक वाढली म्हणून पडला, बंदीचा काय संबंध" म्हणणारेही तितकेच चूक. मी काय करतो, निर्णय आल्यावरचा पहिला लिलाव बघतो. आवक एका रात्रीत दुप्पट होत नाही, त्यामुळे त्या दिवशीची घसरण बऱ्यापैकी निर्णयाची, पुढच्या आठवड्यांची खिचडी. मग मागच्या चार-पाच वर्षांचे तेच आठवडे काढायचे, तेव्हा किती पडला होता ते बघायचं, आणि त्याहून जास्त जे पडलं तेवढंच निर्णयाच्या नावावर लावायचं. एक वर्ष घेऊ नका, कांद्याचं एक वर्ष म्हणजे जुगार.

आणि हे सगळं कोणासाठी चाललंय ते प्रत्येक कागदात वेगळं असतं. कांद्यावर दिल्लीत किमान चार खाती बसलेली आहेत, कृषी खातं उत्पादनाचे अंदाज देतं, ग्राहक व्यवहार खातं किरकोळ भाव मोजतं आणि बफर स्टॉक, म्हणजे सरकारचा राखीव साठा, सांभाळतं, वाणिज्य खातं बंदी आणि किमान मूल्य काढतं, अर्थ खातं शुल्क लावतं. ग्राहक व्यवहारवाल्यांसाठी प्रॉब्लेम म्हणजे महाग कांदा. आमच्या जिल्ह्यातल्या उमराण्याच्या शेतकऱ्यासाठी प्रॉब्लेम म्हणजे स्वस्त कांदा. त्यामुळे निर्णय फसला म्हणायच्या आधी कोणाचा प्रॉब्लेम सोडवायला निघाले होते ते बघा, बऱ्याचदा तो त्यांच्या हिशोबाने यशस्वी झालेला असतो, फक्त आपण त्या हिशोबात नसतो. शुल्क लावल्या लावल्या ऑगस्टमध्ये जिल्ह्यातले लिलाव बंद पडले तेव्हा केंद्राने 2410 रुपये क्विंटलने खरेदी जाहीर केली. तोही बफरसाठीच घेतलेला माल, म्हणजे पुढे भाव वाढले की शहरात स्वस्तात सोडायचा.

शहरातल्या गोष्टींना हीच पद्धत चालते. नाशिकच्या शहर बसचं, सिटीलिंकचं बघा, 2021 पासून बस महापालिकेची कंपनी चालवते, ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर, तिकिटाचं उत्पन्न कंपनीकडे. म्हणजे बस रिकामी धावली तर तोटा कोणाचा? ठेकेदाराचा नाही. हे एक वाक्य कळलं की रूट कुठले आणि फेऱ्या किती यावरची अर्धी भांडणं समजतात.

शेवटी, कागदात उत्तर नसेल तर आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज. राज्यातल्या ऑफिसात अर्जाला 10 रुपये, उत्तराला 30 दिवस, विषय एकच आणि शब्द 150 च्या आत ठेवा, नाहीतर तेवढ्यावरून परत पाठवतात. "ही योजना का केली" असं विचारू नका, का ला उत्तर मिळत नाही. "अमुक क्रमांकाच्या शासन निर्णयाच्या नस्तीतील टिपणी भागाची प्रत द्यावी" असं लिहा (नस्ती म्हणजे फाइल). टिपणीत कोणी काय शेरा मारला, वित्त विभागाने काय हरकत घेतली, कुठला पर्याय खोडला, सगळं असतं. मंत्रिमंडळाची टिपणी असेल तर निर्णय होऊन विषय संपल्यावरच मागा, आधी मागितली तर माहिती नाकारायचं कलम 8 दाखवतील. आणि महापालिकेचा विकास आराखडा वगैरे असेल तर आरटीआयच्या नादात हरकतीची मुदत घालवू नका, प्रारूप प्रसिद्ध झालं की साधारण महिनाच मिळतो. हरकत लेखी द्या, आवक शिक्का मारलेली पोच घ्या, आणि पोचेचा फोटो काढून ठेवा, आमच्याकडे एका ऑफिसात मूळ हरकतच सापडत नव्हती, तो फोटो दाखवला तेव्हा सुनावणीला बोलावलं.